क्लच आणि गिअरबॉक्स : मोटारीचे दुखणे कसे ओळखावे

स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्या, असा निरोप संपादक मंडळींकडून आला तेव्हा मी प्रथम नकारच कळविला होता. माझा जन्म बेळगावच्या उद्यमबागेतील यंत्रशाळांत आणि मोटारींच्या पोटाखाली गेलेला. लेखणीशी संबंध आला तो कामाचा कागद भरण्यापुरता. परंतु मंडळींचे म्हणणे असे पडले की, आपल्या सभासदांपैकी बहुतेकांच्या दारात आता मोटार उभी आहे, काहींचे तर पोटच तिच्यावर चालते, आणि गाडी बिघडली म्हणजे गॅरेजवाला सांगेल ती किंमत मुकाट्याने मोजण्यापलीकडे कोणास काही सुचत नाही. तेव्हा या विषयावर उपयोगी पडेल असे काही सांगावे. हे म्हणणे मला पटले. पटण्याचे कारण म्हणजे त्याच आठवड्यात घरात घडलेली एक गोष्ट.

माझ्या चुलतभावाचा मुलगा बेळगावहून गोव्यास भाजी नेतो. छोटी मालवाहू गाडी, कर्जावर घेतलेली, हप्ते अजून चालू. एके दिवशी संध्याकाळी तो घरी आला तो अगदी उतरलेल्या चेहऱ्याने. म्हणाला, “काका, गिअरबॉक्स गेला म्हणतात. सगळा खोलून भरावा लागेल. अठ्ठावीस हजार सांगितलेत.” मी विचारले, “कोणी सांगितलं? काय बघून सांगितलं?” तर मिस्त्रीने गाडी सुरू करून दोनदा गिअर टाकून पाहिला होता, करकर आवाज ऐकला होता आणि निदान दिले होते. पैसे कोठून आणणार, असे विचारताच तो काही बोलला नाही. सुनेच्या हातातल्या पाटल्या मोडावयाचे ठरले होते, हे मला मागाहून कळले.

त्या गाडीचे पुढे काय झाले ते ओघाने सांगतो. आधी हे दोन अवयव काय काम करतात ते समजून घेऊ, कारण ते समजल्याशिवाय परीक्षेचा अर्थ लागणार नाही.

मोटारीचे इंजिन ही एक विचित्र वस्तू आहे. बैल उभा असतो तेव्हाही त्याच्या अंगी जोर असतो. इंजिनाच्या अंगी उभे असताना काडीचाही जोर नसतो. ते मिनिटाला आठशे-हजार फेरे फिरू लागले की मगच त्यात थोडी शक्ती येते. म्हणजे इंजिन फिरते आहे आणि चाके उभी आहेत, अशी अवस्था असावीच लागते, आणि त्या फिरत्या इंजिनाला उभ्या चाकांशी हलक्या हाताने जोडावे लागते. हे जोडण्या-तोडण्याचे काम क्लचचे. इंजिनाच्या मागे एक जड चक्र असते, त्यास फ्लायव्हील म्हणतात. त्याला लागून क्लच प्लेट असते, जिच्या दोन्ही अंगांस घर्षणाचे अस्तर रिव्हेटने ठोकलेले किंवा चिकटविलेले असते. तिच्यामागे प्रेशर प्लेट. या प्रेशर प्लेटीतली भक्कम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते, आणि तिघी एक होऊन फिरतात. आपण पेडल दाबतो तेव्हा केबलने किंवा तेलाच्या दाबाने एक बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंगच्या बोटांवर दाबते, प्रेशर प्लेट मागे हटते आणि मधली प्लेट मोकळी होते. या बेअरिंगला रिलीज बेअरिंग म्हणतात. नाव लक्षात ठेवावे, पुढे लागेल.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पेडल वर असते तेव्हा क्लच जोडलेला असतो आणि दाबले म्हणजे सुटतो. पुष्कळांची समजूत उलट असते. ‘क्लच दिला’, ‘क्लच सोडला’ असे आपण पायाच्या दृष्टीने बोलतो, यंत्राच्या दृष्टीने नव्हे.

गिअरबॉक्सचे काम निराळे. चढावर जोर हवा असतो, सपाटीवर वेग. एकाच इंजिनाकडून दोन्ही कामे करून घेण्यासाठी लहानमोठ्या दातेरी चक्रांच्या जोड्या पेटीत बसविलेल्या असतात. आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या सर्व जोड्या एकमेकींत कायम गुंतलेल्याच असतात. आपण दांडा हलवितो तेव्हा दाते दात्यांत घालीत नाही, तर त्यांपैकी एक चक्र त्याच्या दांड्याशी पक्के जोडतो. जोडताना दोहोंच्या फिरण्याचा वेग सारखा नसेल तर करकर होते. तो वेग सारखा करण्यासाठी मध्ये पितळी कडे असते. ते उतरत्या घेराच्या पृष्ठभागावर घासून, एखाद्या छोट्या ब्रेकप्रमाणे, दोन्ही भाग एका वेगावर आणते आणि मगच आत जाऊ देते. हीच सिंक्रोमेशची युक्ती. ती प्रथम १९२८ साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाडीत आली. आपल्याकडील जुन्या अँबॅसडरला पहिल्या गिअरला ही सोय नव्हती, म्हणून चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागे. ते कसब अंगी असलेले ड्रायव्हर आता थोडेच उरले असतील. रिव्हर्सला मात्र आजही पुष्कळ गाड्यांत ही सोय नसते. ही उणीव नव्हे, तर आपल्या दृष्टीने ती एक सोयच आहे. कशी, ते पुढे पाहा.

क्लचची दुखणी मुख्यतः दोन प्रकारची, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक तर तो नीट धरत नाही, नाही तर नीट सुटत नाही.

धरत नसेल तर त्याला आपण स्लिप होणे म्हणतो. खूण अशी की, चढावर ॲक्सिलरेटर दाबला असता इंजिन गर्जते पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. प्रथम हे वरच्या गिअरमध्ये आणि भरल्या गाडीत जाणवते, कारण तेथे क्लचवर ओझे सर्वांत अधिक. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरला सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि पाय एकदम दाबावा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा झटकन वर चढला आणि वेगाचा काटा मागे रेंगाळला, तर क्लच घसरतो आहे. दुसरी परीक्षा उभ्या गाडीत होते. सपाट जागा, पुढे-मागे माणूस नाही असे पाहून हँडब्रेक पक्का ओढावा, पायाचा ब्रेकही दाबून धरावा, इंजिन चालू ठेवून तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. चांगला क्लच इंजिनाचा गळा दाबून ते बंद पाडतो. इंजिन चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा एकदाच करावी. उगाच चारचारदा करून पाहणाऱ्याच्या प्लेटीचे उरलेले आयुष्य त्या परीक्षेतच संपते.

स्लिप होतो म्हणजे प्लेट झिजलीच, असे मात्र नव्हे. केबलच्या गाड्यांत पेडलला वरच्या बाजूस थोडी मोकळी चाल असावी लागते. म्हणजे बोटाने दाबले असता पहिले एक-दोन सेंटिमीटर पेडल सहज खाली जावे आणि मग ओझे लागावे. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. ही मोकळी चाल आपोआप कमी होत जाते, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या अधिक जवळ सरकते. त्याबरोबर स्प्रिंगची बोटे उलट दिशेने, म्हणजे रिलीज बेअरिंगच्या अंगावर येतात. बेअरिंग आणि बोटे यांमधील जागा संपली की आपला पाय पेडलवर नसतानाही पेडल किंचित दाबल्यासारखे होते आणि क्लच घसरू लागतो. अशा वेळी एका नटाचे दोनचार फेरे दिले की दुखणे पुष्कळदा जाते. नट फिरविण्यास जागाच उरली नसेल तर मग प्लेट संपली असे समजावे. म्हणून मी सर्वांना सांगतो, महिन्यातून एकदा हाताने पेडल दाबून पाहा. त्याला एक पैसा पडत नाही. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये ही चाल बहुधा आपोआप जमवून घेतली जाते. त्यामुळे तेथे अशी आगाऊ सूचना मिळत नाही. पेडल पूर्वीपेक्षा जड लागू लागणे हीच काय ती खूण.

तिसरे कारण तेलाचे. इंजिनाच्या मागील किंवा गिअरबॉक्सच्या पुढील ऑईल सीलमधून तेल झिरपले आणि प्लेटीवर आले, तर नवी कोरी प्लेटही घसरते. येथे गिऱ्हाईक हमखास नागवले जाते. प्लेट बदलली, सील तसेच ठेवले, आणि दोन महिन्यांनी गाडी पुन्हा दारात. गिअरबॉक्स एकदा खाली उतरविला की सील बदलण्याचा खर्च क्षुल्लक असतो, पुन्हा उतरविण्याचा मोठा. त्याच न्यायाने प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकाच वेळी बदलावीत. येथे काटकसर करणे म्हणजे एकच मजुरी दोनदा देण्याची तयारी करणे होय.

आता दुसरे दुखणे, क्लच नीट न सुटणे. पेडल तळापर्यंत दाबूनही प्लेट थोडी घासतच राहते, गिअरबॉक्सचा पुढचा दांडा फिरतच राहतो, आणि मग गिअर टाकताना अडथळा येतो, करकर होते. ऐकणाऱ्याला वाटते, दोष गिअरबॉक्समध्ये आहे. आवाज तेथूनच येतो ना! पण अपराधी दुसराच असतो. येथे रिव्हर्स गिअर आपला साक्षीदार होतो. इंजिन चालू, गाडी उभी. पेडल पूर्ण दाबावे, मनात सावकाश दहा आकडे मोजावेत आणि मग रिव्हर्स टाकावा. क्लच नीट सुटला असेल तर तेवढ्या वेळात आतला दांडा थांबलेला असतो आणि गिअर निमूटपणे पडतो. तरीही करकरला, तर दांडा अजून फिरतो आहे, म्हणजे क्लच सुटलेला नाही.

यानंतर इंजिन बंद करावे आणि सर्व गिअर एकेक टाकून पाहावेत. बंद इंजिनावर सगळे गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, असे असेल तर आतले दांडे, फोर्क आणि बाहेरील जोडण्या बहुतेक ठीक असून दोष क्लचमध्ये आहे. बंद इंजिनावरही दांडा अडत असेल तर मात्र गिअरच्या जोडण्या किंवा पेटीच्या आत पाहावे. एखादाच गिअर, समजा दुसरा, आणि तोही तिसऱ्यावरून खाली येतानाच करकरतो, बाकीचे निर्दोष, तर त्या एका गिअरचे पितळी कडे झिजले आहे. क्लचचा दोष सर्व गिअरांना सारखा भोवतो, तो कोणा एकावर राग धरत नाही. थंडीत सकाळी पहिली दहा मिनिटे गिअर जड जातात आणि मग सुधारतात, ते बहुधा दुखणेच नव्हे. तेल थंड असते एवढेच.

पुतण्याच्या गाडीला मी याच दोन परीक्षा लावल्या. इंजिन बंद केले तर पाचही गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडले. चालू केले तर रिव्हर्स करकरला, पहिलाही अडला. मग बॉनेट उघडून केबल पाहिली. तिच्या दहाबारा तारांपैकी निम्म्या तुटून पिंजल्या होत्या आणि उरलेल्या ताणून लांब झाल्या होत्या. पेडल जमिनीला टेकत होते, पण तेवढी चाल बेअरिंगपर्यंत पोहोचतच नव्हती. नवी केबल काही शे रुपयांची. दुसऱ्या दिवशी सकाळी बसविली, मोकळी चाल जमविली आणि पोरगा त्याच रात्री चोर्ला घाट उतरून गोव्यास गेला. आणखी दोन खेपा तो तसाच गेला असता तर त्या केबलीने घाटातच प्राण सोडला असता, तेही भरल्या गाडीत.

त्या मिस्त्रीने फसविले असे मी म्हणणार नाही. करकर ऐकून गिअरबॉक्सला दोष देणे ही चूक मीही केली असती. किंबहुना तशीच एक चूक मी केलेली आहे, आणि ती लिहिल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका प्राथमिक शिक्षकांची गाडी माझ्याकडे आली. न्यूट्रलमध्ये उभी असताना घूंऽऽ असा आवाज. मी पेडल दाबले, आवाजात फरक पडला. लागलीच म्हणालो, “गुरुजी, रिलीज बेअरिंग गेलं.” गिअरबॉक्स उतरविला, बेअरिंग बदलले, पुन्हा चढविला. आवाज जसाच्या तसा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की, पेडल दाबल्यावर आवाज येऊ लागला की जाऊ लागला, हे मी नीट ऐकलेच नव्हते. तो जात होता. पेडल वर असताना, न्यूट्रलमध्येही, गिअरबॉक्सचा पुढचा दांडा इंजिनाबरोबर फिरत असतो. पेडल दाबले की तो थांबतो. म्हणून पेडल दाबताच थांबणारा आवाज हा गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा, नाही तर त्या दांड्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागांचा. याउलट पेडलला जरासा पाय लागताच जो आवाज सुरू होतो तो रिलीज बेअरिंगचा, कारण त्याच वेळी त्यावर ओझे येते. एवढी साधी गोष्ट. गुरुजींकडून दुसऱ्या खेपेची मजुरी मी घेतली नाही, पण त्यांच्या चार दिवसांच्या बसच्या फेऱ्या काही मला परत देता आल्या नाहीत.

आवाजाच्या बाबतीत आणखी थोडे. गाडी चालत असताना येणारा आवाज गिअर बदलल्यावर बदलतो का, हे पाहावे. ठरावीक एकाच गिअरमध्ये घरघर असेल तर त्या जोडीचे दाते किंवा बेअरिंग. सर्व गिअरांत सारखा, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा, आणि न्यूट्रलमध्ये गाडी वाहत असतानाही चालूच राहणारा आवाज असेल, तर गिअरबॉक्सला हात लावू नये. तो चाकाचे बेअरिंग, टायर किंवा डिफरन्शिअल यांपैकी कोणाचा तरी असतो. (ही परीक्षा मोकळ्या सपाट रस्त्यावरच, उतारावर कदापि नव्हे.) गाडी सौम्य डावीकडे वळविता आवाज वाढला तर उजव्या चाकाचे बेअरिंग संशयित, कारण वळताना भार बाहेरील चाकावर जातो. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या गाड्यांत स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टक्टक्टक् असे ऐकू येते. तो चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा आवाज. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढची चाके ओढणाऱ्या गाड्या आपल्याकडे घरोघर झाल्या, तेव्हा हा आवाज आम्हा जुन्या लोकांना नवा होता. कित्येकांनी त्यापायी गिअरबॉक्स खोलले. मागच्या चाकांना गती देणाऱ्या गाडीत गाडी निघताना ‘ठक्’ असा एकच ठोका बसतो. तो बहुधा लांब शाफ्टच्या क्रॉसचा.

गिअर आपोआप उडून न्यूट्रलमध्ये येणे हे मात्र खरोखरीच गंभीर दुखणे. घाट उतरताना तिसरा गिअर उडाला तर इंजिनाची ओढ एकदम नाहीशी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कधी कारण किरकोळ असते, जसे इंजिनाचे रबरी माऊंटिंग फाटून इंजिन हलणे किंवा बाहेरची जोडणी नीट न जमणे. पण आतले दाते, फोर्क, बेअरिंग किंवा गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा झिजल्या असतील तर पेटी खोलावीच लागते. दांडा हाताने दाबून धरून गाडी चालविणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्या शेजारी बसून आंबोली उतरण्याची माझी तयारी नाही.

क्लच सोडताना गाडी थरथरत निघते, त्याची कारणे प्लेटीवर तेल, फ्लायव्हीलवर उष्णतेने पडलेले डाग, किंवा फाटलेले माऊंटिंग. बॉनेट उघडून, जाणत्या माणसाने आत बसून ब्रेक दाबून हलकेच क्लच सोडला असता इंजिन भलतेच डोलताना दिसले तर प्रथम माऊंटिंग पाहावे. उघडे बॉनेट पाहणाऱ्याने गाडीच्या समोर नव्हे, बाजूस उभे राहावे.

तेलाच्या क्लचविषयी एक इशारा. यात पेडल मऊ लागते, हळूहळू खाली जाते, आणि दोनतीनदा पंप केल्यावरच गिअर पडतो. आत हवा शिरली आहे किंवा वरच्या वा खालच्या सिलिंडराचे रबर गेले आहे. पुष्कळ गाड्यांत क्लचला आणि ब्रेकला तेल एकाच भांड्यातून जाते. म्हणून त्या भांड्यातली पातळी घटलेली दिसली तर नुसते तेल ओतून निघू नये. गळती क्लचची की ब्रेकची, हे ठरल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणूच नये. त्यात ब्रेकचेच तेल घालावयाचे, आणि तेही डब्यावर लिहिलेल्या जातीचे. इंजिनाचे तेल चुकून पडले तर आतली सगळी रबरे फुगून बिघडतात.

गिअरबॉक्सच्या तेलाकडे तर कोणी ढुंकून पाहत नाही. हे तेल जळत नाही, तेव्हा कमी झाले म्हणजे गळाले. बहुतेक गाड्यांत पेटीच्या बाजूस एक बूच असते. गाडी सपाट उभी असता ते काढल्यावर भोकाच्या काठापर्यंत तेल असावे. तेल बदलताना खालच्या बुचाकडे लक्ष द्यावे. त्यावरील लोहचुंबकाला करड्या रंगाची मऊ लव चिकटलेली असेल तर ते वयपरत्वे होणारे आहे. तेलात सोनेरी चकाकी दिसली तर पितळी कडी झिजत आहेत. बोटाला टोचेल असा पोलादाचा तुकडा मिळाला तर दाता तुटला आहे, आणि गाडी तेथेच उभी करावी. तेलाची जात पुस्तकात दिली असेल तीच घ्यावी. जीएल-४ सांगितले असता ‘याहून भारी’ म्हणून जीएल-५ घालणारे दुकानदार आहेत. पण त्यातली काही द्रव्ये पितळी कड्यांना बाधू शकतात.

आपल्या पावसाळी मुलखाचे म्हणून एक खास दुखणे आहे. मुंबईस वा परदेशी असलेल्या मंडळींच्या गाड्या जूनपासून दारात उभ्या राहतात आणि गणपतीस घरी आल्यावर क्लच दाबूनही गिअर पडत नाही. दमट हवेने फ्लायव्हीलवर गंज चढून प्लेट तिला चिकटून बसलेली असते. मोडले काहीच नसते. याची खूण म्हणजे पेडल, केबल, तेल सर्व ठीक, आणि गाडी दीर्घकाळ उभी. इंजिन चांगले तापू द्यावे, मग बंद करून मोकळ्या मैदानात, समोर भरपूर जागा ठेवून, पेडल दाबून वरच्या गिअरमध्ये स्टार्टर द्यावा, आणि गाडी चालू लागल्यावर पेडल दाबलेलेच ठेवून ॲक्सिलरेटर दाबावा-सोडावा. बहुधा प्लेट धक्क्याने सुटते. हे काम जाणत्या माणसाकडूनच करवावे, कारण प्लेट सुटेपर्यंत गाडी थांबविण्याचा मार्ग म्हणजे किल्ली आणि ब्रेक. गाडी आठवड्यातून एकदा कोणाकडून तरी थोडी फिरवून घेतली तर हा प्रसंगच येत नाही.

क्लच लवकर मरतो तो बहुतांशी पायाच्या सवयीने. चढावर गाडी थांबली असता हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर तोलून धरणे, आणि चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकून ठेवणे, या दोन सवयी पुरेशा आहेत. एकाच जातीच्या दोन गाड्यांत एकाची प्लेट तीस हजार किलोमीटरला जाते, दुसऱ्याची लाख ओलांडते.

विनाक्लचच्या म्हणविल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांविषयी थोडक्यात. २०१४ पासून आपल्याकडे स्वस्त गाड्यांतही एएमटी आली. तिच्यात डावे पेडल नाही, पण क्लच प्लेट तीच आहे. ती दाबण्याचे काम पायाऐवजी यंत्र करते. म्हणून चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरली तर तिचीही प्लेट तशीच जळते. तेलावर चालणाऱ्या पूर्ण स्वयंचलित गाडीत गिअर टाकल्यावर गाडी उशिराने निघणे आणि तेल काळपट होऊन करपल्याचा वास येणे, या खुणा. विजेच्या गाडीत बहुधा क्लचही नाही आणि बदलावयाचे गिअरही नाहीत. आमच्या धंद्याचे काय, असे मला तरुण फिटर विचारतात. मी सांगतो, बेअरिंगे तेथेही आहेत.

रस्त्यात केबल तुटली तर घाबरू नये. रस्ता सपाट आणि मोकळा असेल तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाकावा आणि स्टार्टर द्यावा. गाडी धक्का खात चालू लागते व तशीच हळू जवळच्या सुरक्षित जागी नेता येते. थांबावयाचे झाले म्हणजे किल्ली बंद. पेडल दाबल्याखेरीज सुरूच न होणाऱ्या नव्या गाड्यांना ही युक्ती बहुधा चालत नाही. घाटात आणि गर्दीत ती वापरूच नये, ओढगाडी बोलवावी.

गॅरेजात गाडी देताना ‘आवाज येतो’ एवढेच सांगून निघून येऊ नये. कोणत्या गिअरमध्ये, थंड असता की तापल्यावर, पेडल वर असता की दाबल्यावर, हे कागदावर लिहून द्यावे. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही. आणि काढलेले जुने सामान पाहण्यास मागावे. प्लेटीचे अस्तर रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत आले असेल तर ती खरोखर संपली होती. अस्तर जाड आहे पण काळे, चिकट आहे, तर तेल कोठून आले ते विचारावे. प्रेशर प्लेटीवर निळे डाग असतील तर दोष आपल्याच घरातल्या कोणाच्या तरी डाव्या पायाचा आहे. जुन्या प्लेटी हातांत घेताना त्यांवरील धूळ फुंकू नये, हवेच्या नळीने तर मुळीच उडवू नये. पूर्वीच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे. आम्ही तरुणपणी ती बेधडक फुंकीत असू. आता पुतण्याच्या गाडीखाली जाताना मी ओले फडके बरोबर नेतो. त्याच्या टपात हल्ली एक जादा क्लच केबल आणि ती बसविण्यापुरते दोन पान्हे कायम असतात.